रुईचं घर

अकोल्याहून निघालेली बस बोरगाव मंजूच्या पुढे मोकळ्या शिवाराला लागली की प्राजक्ता खिडकीला डोकं टेकवायची आणि तिथून पुढे ती बसमध्ये नसायची. कपाशीचं रान वाऱ्यानं एका अंगावर कलायचं, सावकाश उठायचं, पुन्हा कलायचं. बघता बघता त्या हिरव्याचा निळा व्हायचा. मग एक दगडी घर दिसायचं. दाराशी लिंबाचं झाड, आत ओटा, ओट्यासमोर खिडकी आणि खिडकीखाली थेट समुद्र. त्या खिडकीशी ती स्वतः उभी असायची. काही करत नसायची, नुसती उभी. मूर्तिजापूरला कंडक्टरनं हाळी दिली की घर विरायचं. पण अमरावती येईपर्यंत ते पुन्हा उभं राहिलेलं असायचं.

ते घर तिच्या नवऱ्याचं होतं आणि तिनं ते कधी पाहिलेलं नव्हतं.

प्राजक्ता अकोल्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. माहेर तेल्हाऱ्याचं, वडील नत्थुजी कापूस-सोयाबीन करणारे. दोन वर्षांपूर्वी गुरांचा एक परदेशी डॉक्टर इथल्या जनावरांचा अभ्यास करायला अकोल्यात आला, नरनाळा किल्ल्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरला आणि प्लास्टर निघाल्यावर घोटा घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. पोर्तुगालचा, पण मुख्य देशातला नाही. दूर अटलांटिकमधल्या एका लहानशा बेटावरचा. त्याला चालायला शिकवता शिकवता ती त्याला चार शब्द बोलायलाही शिकवत होती. ‘दुखून राहिलं’ हे त्याला फार लवकर आलं. पाय बरा झाल्यावरही तो हेच म्हणत राहिला, कारण दुखायचं थांबलं असतं तर दवाखान्यात यायचं कारण संपलं असतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती इतकी हसली की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

त्याचं नाव रुई. तो स्वतः ‘हुई’सारखं काहीतरी म्हणायचा, पण इकडे ते रुईच झालं. जमुनाबाईंनी, तिच्या आईनं, फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं.

“रुई? शनिवारी मारुतीले वायतो ते?”

“तसंच, आई.”

“काय व माय! अन् कापसाच्या जिनातून निघते तेबी रुईच. चांगलं हाय, ध्यानात तं राहीन.”

नत्थुजी मात्र काही बोलले नव्हते. अकोल्यात नोंदणीचं लग्न झालं तेव्हा ते इस्त्रीचे कपडे घालून आले, साक्षीदार म्हणून सही केली, पेढा खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं तेल्हाऱ्याला परतले. जावयाला ‘घरी चाला’ म्हणाले नाहीत. विरोध नव्हता, बोलावणंही नव्हतं. रुईनं तेल्हारा पाहिलं नाही ते नाहीच. मग तो बेटावर परत गेला, आणि जोडीदार म्हणून प्राजक्ताच्या व्हिसाचं काम सुरू झालं.

हे काम अमरावतीच्या कुंदाकाकू बघत. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची स्वतःची मुलगी असाच व्हिसा घेऊन गेलेली असल्यामुळे त्यांना त्यातल्या खाचाखोचा ठाऊक होत्या. सुटी मिळाली की प्राजक्ता रुक्मिणीनगरातल्या त्यांच्या घरी यायची. काकू चहा टाकायच्या, कागद चाळायच्या.

“फोटो कमी आहेत तुमचे दोघांचे. आणि मुलाखतीची तयारी कर. ते दोघांना वेगवेगळं विचारतात, एकमेकांबद्दल, घराबद्दल.”

“आम्ही रोज बोलतो, काकू.”

खरंच बोलायचे, इंग्रजीत. इकडची दुपार तिकडची पहाट असायची. ती डबा संपवून दवाखान्याच्या गच्चीवर जायची. तो तिथे गायींच्या फेरीला निघालेला असायचा. त्याच्या आवाजामागे वारा असायचा, कधी एखादी घंटा. आजोबांचं पडीक घर तो दोघांसाठी दुरुस्त करत होता. सुरुवातीला त्यानं फोनवरून दाखवायचं म्हटलं तेव्हा तिनंच अडवलं.

“दाखवू नकोस. मी आले की बघेन. तोवर नुसतं सांग.”

पण सांगायची ती. “स्वयंपाकघराची खिडकी मोठी ठेव हं. समुद्र दिसला पाहिजे.” तो क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, “पुढे?” ती पुढे सांगायची. तोही मग तेल्हाऱ्याबद्दल विचारायचा आणि गच्चीवर कबुतरं फडफडत असताना ती आंब्याच्या सावलीबद्दल, पाण्याबद्दल, धुणं वाळत घालणाऱ्या आईबद्दल बोलत राहायची. फोन ठेवला की तिला वाटायचं, आपण आत्ताच कुठूनतरी जाऊन आलो.

मुलाखत फोनच्या पडद्यावरच झाली. समोरच्या बाई मृदू होत्या. त्यांनी घराबद्दल विचारलं आणि प्राजक्ता खुलली. लिंबाचं झाड, ओटा, खिडकी, खिडकीखालचा समुद्र, सगळं तिनं सांगितलं. त्या बाईंनी मान हलवली. प्राजक्ताला वाटलं, झालं आपलं काम.

नकार आला तो पोळ्याच्या आसपास. कुंदाकाकूंनी चष्मा लावून तो वाचला आणि चष्मा काढला.

“प्राजक्ता, त्याच्या घरातून समुद्र दिसत नाही.”

“म्हणजे?”

“त्याच्या मुलाखतीत तो म्हणाला, घर डोंगराच्या मागच्या बाजूला आहे. समोर कुरण. झाडबिड काही नाही. आणि तुझ्या माहेराबद्दल विचारलं तर तो म्हणाला, घरामागे नदी वाहते आणि अंगणात आंबा आहे, त्याला झोका बांधलाय.”

प्राजक्ता खुर्चीत मागे टेकली. त्यांच्या घरामागे शेजाऱ्याची भिंत होती. आंबा होता तो शेतात. आणि झोका कुठेच नव्हता.

“त्यांना वाटलं, तुम्ही एकमेकांना ओळखतच नाही,” काकू म्हणाल्या.

त्या दुपारी तिनं त्याला फोन लावला. “समुद्र नाही, हे मला सांगितलं का नाहीस?”

तो म्हणाला, “तू इतक्या प्रेमानं सांगायचीस. मला तुझ्याकडून तो काढून घ्यावासा वाटला नाही. मलाही तिथे राहावंसं वाटायला लागलं होतं, तुझ्या घरात.”

“आणि नदी?”

“नदी तर तू सांगितलीस. आई धुणं वाळत घालते, पाणी असतं...”

“नळाचं पाणी, रुई!”

मग तिला आधी रडू आलं आणि मागोमाग हसू, आणि त्यातलं कोणतं आवरावं ते कळेना.

काकूंनी पुन्हा अर्ज करायचं ठरवलं, पण एका अटीवर. “आता बोलणं पुरे. एकत्र राहा काही दिवस. त्याला बोलव आणि तुझ्या घरी ने.”

तुझ्या घरी ने, हे काकूंना सोपं होतं. प्राजक्तानं तेल्हाऱ्याला फोन केला. जमुनाबाईंनी फोन सरळ नवऱ्याच्या हातात दिला. तिनं सगळं सांगितलं, नदीचं, झोक्याचंही. नत्थुजी ऐकत राहिले.

“झोका?” ते शेवटी म्हणाले.

“हो, बाबा.”

“आपल्या घरी नदी हाय असं सांगितलं त्यानं तिकडच्या सायबाले?”

“हो.”

“काहून नाई आणलं तू त्याले आतापर्यंत?”

उत्तर प्राजक्ताच्या जिभेवरच होतं, ते तिनं यावेळी बोलून टाकलं. “तुमी बोलावलं नाई म्हणून.”

“बरं,” नत्थुजी म्हणाले. “येऊ दे.”

दसऱ्यानंतर रुई आला. कापूस वेचणीला आला होता, सोयाबीन निघून गेलं होतं, आणि सकाळी शेतावर असं धुकं उतरायचं की बैलजोडी नुसत्या घुंगरांवरून ओळखावी लागे. पहिले दिवस अवघडच गेले. गल्लीतली माणसं काही ना काही निमित्त काढून येऊन बसायची. नत्थुजी जावयाशी खुणांनी आणि एकेका शब्दानं बोलायचे. ‘जेव’, ‘बस’, ‘चाल’. एकदा त्यांचा बैल चारा सोडून उभा राहिला तेव्हा रुई जाऊन त्याच्या पोटाला कान लावून कितीतरी वेळ तसाच राहिला, डोळे मिटून. नत्थुजी जवळ उभे राहिले. काय ऐकू येतं ते त्यांनी विचारलं नाही, पण त्या संध्याकाळपासून शेतावर जाताना ते ‘चाल’ म्हणायच्या ऐवजी ‘चाला, रुईराव’ म्हणायला लागले.

शेतातल्या आंब्याखाली बसून एका दुपारी प्राजक्ता म्हणाली, “आता मला घर सांग. खरं.”

रुईनं आजूबाजूला पाहिलं. सोयाबीन निघालेला तुकडा समोर मोकळा पडला होता, काळाभोर. त्यानं तुराटी, तुरीची वाळकी काडी, उचलली आणि चालत चालत मातीत रेघ ओढू लागला. कागदावरचा आराखडा नव्हता तो; घर जेवढं होतं तेवढंच ओढत होता. इथे भिंत, दोन पावलांइतकी रुंद, दगडाची. इथे दार. दार बुटकं आहे, डोकं वाकवावं लागतं. ही चूल, ही खिडकी. खिडकीतून कुरण दिसतं आणि वर चढत गेलेला डोंगर. डोंगर चढून गेलं तर पलीकडे समुद्र आहे. पण धुकं असेल तर तोही नाही.

“आणि धुकं नेहमी असतं?”

“बहुतेक.”

ती रेघेच्या आत उभी राहिली. नसलेल्या खिडकीसमोर. पलीकडे तुरीचं पिवळं रान हलत होतं, त्याच्याही पलीकडे सातपुड्याची निळसर कड. तिनं हात लांबवून खिडकीची चौकट धरल्यासारखं केलं. आजवर स्वप्नात ती या घरात एकटीच असायची, हे तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. आता मागे चुलीपाशी रुई खाली बसून रेघ नीट करत होता, त्याच्या पाठीला माती लागली होती.

वेचणीवरून परतलेल्या जमुनाबाई बांधावर थबकल्या. “काय करून राहिले व तुमी?”

“घर आहे, आई. रुईचं.”

जमुनाबाईंनी डोक्यावरचं ओझं उतरवलं आणि काठाकाठानं बघत फिरल्या. “देवघर कुठी हाय?”

रुईला प्रश्न कळला नाही. प्राजक्तानं सांगितलं. त्यानं चुलीशेजारचा कोपरा पाहिला, विचार केला आणि तिथे एक छोटा चौकोन ओढला. जमुनाबाईंनी मान डोलावली.

तेवढ्यात नत्थुजी आले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते रेघेपाशी थांबले, दार शोधलं, चपला बाहेर काढल्या आणि डोकं वाकवून आत आले. बाबा अनवाणी त्या मातीच्या खोलीत मधोमध उभे होते आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहत होते, जणू छपराचे वासे बघताहेत.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. मग रुईकडे वळले. “पन आमी आलो तं निजू कुठी?”

यावेळी भाषांतर करायचं प्राजक्ता विसरलीच. रुई तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग नत्थुजींकडे, आणि त्याला कळलं. तो उठला. मागच्या भिंतीची रेघ त्यानं पायानं पुसली आणि पलीकडे आणखी एक खोली ओढायला सुरुवात केली. मोठी. नत्थुजी त्याच्या मागोमाग चालत होते. “बस, बस,” ते म्हणत होते, “येवढी कायले? दोनच मानसं आमी.” तरी रुई ओढतच राहिला.

दुसरी मुलाखत पौषात झाली. दोघांनी जे होतं तेच सांगितलं. उरलेलं माहीत नाही म्हणाले. व्हिसा आला तेव्हा रुई बेटावर परत पोचला होता. फोनवर तो फार बोलला नाही. मागची भिंत काढली आहे, पाऊस आत येतोय, लवकर ये, एवढंच म्हणाला.

जायच्या आधी प्राजक्ता आईवडिलांना घेऊन अमरावतीला गेली, दोघांच्या पासपोर्टसाठी. फोटो काढताना नत्थुजींना टोपी उतरवायला सांगितली. ती त्यांनी मुकाट मांडीवर ठेवली आणि कॅमेऱ्यात असे रोखून पाहत राहिले की तिथली मुलगीच लाजली. जमुनाबाईंना हसू आवरत नव्हतं. त्यांचा फोटो पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. नंतर कुंदाकाकूंकडे सगळ्यांनी चहा घेतला. काकूंनी सांगितलं, तुम्हालाही व्हिसाच्या वेळी प्रश्न विचारतील हं. नत्थुजी म्हणाले, “इचारू द्या.”

परतीच्या बसमध्ये जमुनाबाईंना लगेच झोप लागली. नत्थुजी खिडकीशी बसले होते. ऊन उतरत होतं, वेचून रिकाम्या झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या मागे पळत होत्या. मूर्तिजापूर आलं आणि गेलं, तरी त्यांची नजर हलली नाही. प्राजक्तानं त्यांच्याकडे पाहिलं आणि हाक मारली नाही. ते कुठे आहेत हे तिला कळत होतं.

बोरगाव जवळ आलं तसे ते हळूच म्हणाले, “प्राजू.”

“हो, बाबा.”

“तो डोंगर म्हनते नं रुई. तिथं गाई चरतेत.”

“हो.”

“येवढ्या चढावर? अन् धुक्यात? घसरत नसतीन का वं त्या?”

एरवी तिनं एखादं सुंदर उत्तर तिथल्या तिथे रचलं असतं.

“जाऊन पायते, बाबा,” ती म्हणाली. “मंग सांगते.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.