डावीकडची इतवारी

लकवा मारल्यावर माय शुद्धीवर आली आणि तिने पहिलं विचारलं, “नीलिमा, इतवारी कुठी गेली? हात इथीच ठेवून गेली.”

तिच्या पोटावर तिचाच डावा हात पडला होता.

इतवारी आमची शेजारीण. धानाच्या रोवण्यात ती जन्मभर मायच्या डाव्या बाजूला राहिली. चिखलात वाकलेल्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. डावीकडे जो हात दिसेल, तो इतवारीचा. ती वारली त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

“माय, तो तुझाच हात आहे.”

“माया हात मले ओळखू नाई येत का? तू तुया हात पाहून ओळखते का व?”

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. प्रश्न माझ्याच विषयातला होता. आपला हात आपण पाहून ओळखत नाही, तो आधीपासूनच आपला असतो. तिचा नव्हता.

ब्रह्मपुरीहून येणारे फिजिओथेरपिस्ट म्हणाले, हात स्वतःचा वाटला नाही तर त्या तो हलवायचा प्रयत्नच करणार नाहीत. म्हणून रोज सकाळी मी तिचा उजवा हात धरून डाव्या खांद्यापासून बोटांपर्यंत फिरवायची.

“सांग, इतवारी कुठून सुरू होते?”

“मास्तरीण झाली म्हणून मायलेच शिकवते!”

दुपारी त्या हाताशी तिच्या गप्पा चालत. जेवताना त्याच्या तळव्यावर ती भाताचा घास ठेवायची. “खा व इतवारे. लाजते काऊन? माया घरचं खारट लागते का तुले?”

पोळ्याच्या सुमारास एका सकाळी तिची बोटं मनगटाशी थांबली. तिथे धान कापताना विळा लागल्याची जुनी खूण होती. तिने ती पुन्हा चाचपली.

“हा तं मायाच हात होय.”

मी आनंदाने फिजिओथेरपिस्टना फोन लावायला अंगणात धावले. परत आले तेव्हा ती भिंतीकडे बघत होती.

“मंग इतवारी खरंच मेली म्हणाची,” ती म्हणाली.

हात शेवटपर्यंत हलला नाही. तळव्यावर तिने पुन्हा घास ठेवला नाही, आणि स्वतःही नीट जेवली नाही. मी हात उचलून दाखवला की “हो, मायाच होय,” म्हणून डोळे मिटायची. दिवाळीनंतर गेली.

दुपारी कधी डाव्या कुशीवर डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा हात बधिर झालेला असतो. मी तो झटकत नाही. उजव्या हाताने उचलून मांडीवर घेते, मायचा म्हणून धरून बसते. मग मुंग्या येतात आणि तो पुन्हा माझा होतो.