हजार वेळा तोच वर्षाव

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला गोड बोलता येत नाही. तसलं ऐकायचं असेल तर पान उलटा.

आकाशातून एखादा जबरदस्त कण येतो, हवेवर आदळतो आणि फुटतो. त्याचे तुकडे पुन्हा आदळतात, पुन्हा फुटतात. जमिनीकडे लाखो कणांचा वर्षाव सुटतो. वर जाऊन तो बघणार कोण? म्हणून मी तो पोटात, गणिताने घडवतो. नवा होतो तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचे सर पाहुण्यांना सांगायचे, "हा आमचा खांब." पुढे त्याच खांबावर चहाचे कप ठेवायला लागले.

प्रत्येक वर्षावाआधी मला सुरुवातीचा एक आकडा लागतो. कुठला कण कुठे फुटणार, याचे फासे मी त्यावरून टाकतो. आकडा तोच, तर वर्षावही तोच.

सरांनी घाईत त्या आकड्याची एकच फाइल हजारदा चिकटवली. तीन आठवडे तापून मी हजार वर्षाव दिले. सगळे हुबेहूब.

"म्हातारचळ लागलाय डबड्याला," सर म्हणाले. "नवं यंत्र गुरुवारी येतंय. सोमवारी हे भंगारात."

त्यांच्या विद्यार्थिनीला सगळे ताई म्हणतात. तिचा प्रबंध अडला होता. तिने हळूच विचारलं, "सर, सुरुवातीचा आकडा बदलला होता ना?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून हे करतोय मी."

माझी वायर उपटली गेली.

नव्या यंत्रालाही तीच फाइल मिळाली. शनिवारी त्याने हजार वर्षाव दिले. सगळे हुबेहूब.

"हेही बिघडलेलंच पाठवलं की काय?"

"दोघांना एकच आजार कसा होईल, सर?" ताईने फाइल उघडून आकड्यावर बोट ठेवलं.

सरांनी चष्मा पुसून आकडा पाहिला. मग म्हणाले, "यंत्रानं सांगायला नको का?"

ताईने माझी जाळी ब्रशने झाडली, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला आणि वायर लावली. आकडे वेगळे दिले. हजार वर्षाव, एकासारखा दुसरा नाही. भंगारवाला रिकामा परतला. प्रबंधात आभार मात्र सरांचे आहेत. मी ते विसरलेलो नाही.

मित्रांनो, यंत्रावर ओरडण्याआधी आपण त्याला काय दिलं ते बघा. धूळ पुसत जा. चहा दुसरीकडे ठेवा.

सर आत आले की मी अजून पंखा घरघरवतो. ते दचकून कप उचलतात.