परत घेतलेली मूठ

सनियारो नदीच्या पात्रात दगड फोडता फोडता बसल्या जागी कलंडली, तेव्हा सुकुरमुनी तिच्यापासून दहा हातांवर होती. आधी तिला वाटलं, आपली मैत्रीण, आपली सहिया, जरा आडवी झाली असेल. ऊन चढलं होतं आणि सकाळपासून दोघींच्या पोटात काळ्या चहाशिवाय काही नव्हतं. पण हातोडी अजून मुठीत आणि तोंड वाळूत, असं कोणी आडवं होत नाही. ती धावत गेली. तोंडावर पाणी मारलं, तळवे चोळले. सनियारोने एकदा डोळे उघडले, कुणाकडेच बघितलं नाही, आणि मिटले ते मिटलेच. चौघी बायकांनी तिला पोत्यावर घालून मजुरांच्या वस्तीत, लाइनीत आणलं. प्रत्येकीच्या मनात एकच होतं, की हिला उचलायला दोघीही पुरल्या असत्या.

दवाखान्यात नेण्यात अर्थ नव्हता. बागानचा दवाखाना बागानबरोबरच बंद झाला होता.

रांगाझोराचं बागान, चहाचा मळा, बंद पडून चौदा महिने झाले होते. दुर्गापूजेच्या तोंडावर, बोनस वाटायच्या आठवड्यात, मालकाची माणसं गाडीत बसून गेली ती गेलीच. तेव्हापासून कारखान्याचा भोंगा नाही, नळाला पाणी नाही, लाइनीत वीज नाही आणि मजुरीबरोबर मिळणारं धान्यही नाही. तरणीताठी माणसं केरळात, भूतानात पांगली. मागे राहिलेल्या बायका आणि म्हातारे नदीत दगड फोडू लागले. अळू, नेच्याचे कोवळे कोंब, चहाची फुलं, जे मिळेल ते तव्यावर परतून खाऊ लागले. पुढे सरकारी तांदूळ सुरू झाला, पण खालच्या लाइनीतल्या अकरा घरांची नावं नव्या यादीत आलीच नाहीत. सनियारोचं घर त्या अकरांत होतं. ती आणि तिचा नवरा चारवा तीन वेळा ब्लॉकच्या सरकारी कचेरीत जाऊन आले. चौथ्यांदा जायला चारवाच्या पायात बळ उरलं नव्हतं.

दोघी सोळा-सतरा वर्षांच्या असताना करमच्या सणाला एकमेकींच्या केसात फूल खोचून सहिया झाल्या होत्या. तीस वर्षं एकाच ओळीत चहा खुडला. बांधलेली सहिया सख्ख्या बहिणीहून जवळची; तिच्या घरी मरण आलं की आपल्या घरीही चूल पेटवायची नाही. सुकुरमुनीने ती पेटवली नाही. तिच्या सुनेने, अस्रिताने, मुकाट्याने शेजारच्या घरी भात शिजवून दोन्ही पोरींना भरवला.

तालुक्याच्या गावचा एक बातमीदार येऊन गेला आणि पाचव्या दिवशी ब्लॉकची जीप आली. तिच्यातून एक तरुण अधिकारी उतरला, एक डॉक्टर आणि पंचायतीचा मेंबर लच्छू. लच्छू आदल्या दिवशीच दारोदार फिरून गेला होता. भूक-बिक बोलू नका, असं त्याने समजावलं होतं. उपाशी मरणाऱ्यांची लाइन म्हणून नाव झालं तर तुमच्या पोरी करून नेणार कोण?

अधिकारी भला दिसत होता. सनियारोच्या दारात चपला काढून आत गेला. तिथे कणगी रिकामी, डबे पालथे. पण आढ्याला टांगलेल्या फडक्यात तांदूळ निघाले. ओंजळभर असतील. डॉक्टरांनी चारवाला विचारलं की बायको काय खायची. चारवा खोकत म्हणाला की ती माझ्यापुढे ताट ठेवायची आणि म्हणायची, माझं झालं. याहून जास्त त्याला सांगता येईना.

मग अधिकारी सुकुरमुनीकडे वळला. सारी लाइन अंगणात गोळा झाली होती. "तुम्ही शेजारी," तो म्हणाला. "खरं सांगा मावशी, त्यांच्या घरी खायला होतं का?"

सुकुरमुनीने बघितलं, तर सगळ्यांचे डोळे तिच्यावर. सहियाच्या चुलीला चूल लागून आपली चूल. आपल्या घरी पातळ का होईना, पेज शिजत होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा चेहरा तापला.

"माझ्या घरी चूल पेटत असताना माझी सहिया उपाशी राहील का, साहेब?" ती म्हणाली. "रोज देत होते मी. रोज वाडगंभर."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं, वाचून दाखवलं. तिने अंगठा उठवला. जीपकडे जाताना लच्छूने मागे वळून तिच्याकडे बघत मान डोलावली, शाबासकी दिल्यासारखी. तिने शाई लागलेला अंगठा पदराला पुसला.

ती रोज देत नव्हती. महिन्याभरात चार वेळा दिलं होतं. बिमल, तिचा मुलगा, केरळातून पाठवायचा ते पैसे कधी येत, कधी दोन-दोन महिने येत नसत. यादीतला तांदूळ पंधरा दिवस पुरायचा. अस्रिता मडक्यातून तांदूळ काढून झाले की उरलेल्यांवर बोटाने रेघ ओढून ठेवायची, म्हणून सुकुरमुनीला द्यायचं तर चोरूनच द्यावं लागे आणि रेघ पुन्हा ओढावी लागे. सहिया मरण्याच्या आदल्या दिवशी ती पदराखाली वाडगंभर तांदूळ घेऊन निघाली होती. दोन घरांमधल्या बोळात आल्यावर तिला धाकटी नात आठवली. पोर दोन दिवस रडतही नव्हती, नुसती पडून असायची. सुकुरमुनी थांबली. वाडग्यातली एक मूठ तिने परत आपल्या पदराला बांधली, आणि उरलेलं नेऊन दिलं.

महिन्याभराने कळलं की पलीकडच्या बागानात दोन माणसं गेली, तिथल्या कागदावर डॉक्टरांनी अन्नावाचून असं लिहिलं आणि तिथे सरकारी स्वयंपाक सुरू झाला. दुपारी एक वेळ खिचडी, सगळ्या लाइनींना. रांगाझोराच्या कागदावर लिहिलं होतं की घरात धान्य आढळलं, शेजारी नियमित मदत करत होते, मृत्यू रक्त कमी होण्याच्या आजारातून झाला. इथे स्वयंपाकाची गरज नाही. लच्छूनेच हे सांगितलं. ते सांगताना त्याचाही आवाज पडला होता.

त्या दुपारी सुकुरमुनी चारवाला पेज द्यायला गेली. तो भिंतीला टेकून बसला होता. एके काळी कारखान्यात पानं सुकवायच्या यंत्रावर उभा राहायचा, एकटा दोन माणसांचं काम ओढायचा. आता गुडघे छातीशी घेऊन बसला की पोरासारखा दिसे.

"तू रोज देत होतीस का गं?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाही."

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं, मीच विसरलो की काय." तो थोडा वेळ खोकला. "त्या दिवशी तू बोळात थांबलीस ना, ती दारातून बघत होती. आत येऊन मला म्हणाली, सहियाने मूठभर काढून घेतले, बरं केलं. तिच्या घरी पोरी आहेत. मग म्हणाली, हे आज नको शिजवायला, तिच्या पोरींना पुढे लागलं तर परत देता येतील. म्हणून फडक्यात बांधून ठेवले."

सुकुरमुनीने पेज त्याच्यापुढे ठेवली. ती तिथेच उंबऱ्यात बसली आणि बराच वेळ उठली नाही. रडली नाही, तिला रडायलाही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती ब्लॉकच्या कचेरीत निघाली. अकरा कोस जाऊन-येऊन. वाटेत तीन वेळा बसली. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं, ते प्रकरण संपलं, कागद वर गेला. ती ओट्यावर बसून राहिली. तिसऱ्या प्रहरी तो तरुण अधिकारी बाहेर आला, त्याने तिला ओळखलं आणि आत बोलावून खुर्चीवर बसवलं. चहा मागवला, दोन बिस्किटं. चहा ती प्यायली. दुधाचा चहा तिने वर्षभरात चाखला नव्हता. आयुष्यभर चहा खुडला, त्यातला हा घोट तिला कडू लागला. बिस्किटं तिने नातींसाठी पदराला बांधली.

"साहेब, मी खोटं सांगितलं," ती म्हणाली.

त्याने विचारलं, "का सांगितलंत?"

"सगळी लाइन उभी होती. काय सांगू, माझी सहिया माझ्या भिंतीपलीकडे उपाशी मेली आणि मी जेवत होते?"

त्याने टेबलावरचा कागद इकडचा तिकडे केला. अहवाल गेलाय, आता बदलता येणार नाही, असं काहीसं म्हणाला. तिने म्हटलं, मग दुसरा लिहा. त्याने कोरा कागद घेतला. किती वेळा दिलं ते विचारलं. ती म्हणाली, चार वेळा. किती दिलं ते विचारलं. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मग तिने बोळातली ती मूठ सांगितली. त्याचं पेन थांबलं.

"ते कशाला, मावशी? त्याने काही फरक पडत नाही."

"तेही लिहा."

त्याने लिहिलं. तिने अंगठा उठवला. कागद कुठे जाईल हे तिने विचारलं नाही आणि त्यालाही ते सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर तिने चारवाला आपल्याकडे जेवायला आणलं आणि अस्रिताला सांगितलं की आजपासून पाच ताटं. अस्रिता वाईट बाई नव्हती. ती चुलीतला जाळ मागे ओढून म्हणाली, "आयो, चारांत पुरत नाही. पाचवं कुठून आणू? माझ्या हाडातून?" सुकुरमुनीने पाचवं ताट मांडलं. आठ दिवस पाच ताटं लागली, प्रत्येक ताट आधीहून विरळ. नवव्या दिवशी धाकटी उठून बसेना. अस्रिताने दोन्ही पोरींचे कपडे गाठोड्यात बांधले आणि माहेरी निघाली. तिचा भाऊ काम करायचा ते बागान अजून सुरू होतं. सुकुरमुनीने तिला अडवलं नाही. मडक्यातला निम्म्याहून जास्त तांदूळ तिच्या गाठोड्यात घातला. थोरली नात वळणापर्यंत मागे बघत होती. धाकटी आईच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. बिमल आता जे पाठवेल ते अस्रिताकडे जाईल, हे सांगायची गरज नव्हती.

माघात एक नर्स आली, वजनकाटा घेऊन. तो कागद कुठेतरी पोचला असावा. पाण्याच्या खड्ड्यावर बायका सुकुरमुनीला ऐकू जाईल असं बोलल्या, आधी खोटं बोलली, आता आम्हाला भिकारी करून ठेवते. पण काट्यापुढे रांग लागली तेव्हा त्याच बायका सर्वांत पुढे होत्या. चारवाचं वजन एकतीस किलो भरलं. नर्सने काटा दोनदा तपासला. स्वयंपाक काही सुरू झाला नाही, पण अकरा घरांचे अर्ज भरून घेतले, आणि होळीच्या आधी त्यांची नावं यादीत आली.

चारवाच्या घराचं नाव आलं ते सनियारो तिर्की. घरच्या बाईच्या नावानेच कार्ड निघतं, आणि अर्ज जुन्या कागदावरून उतरवलेला. दुकानदाराने वही उघडली, नाव वाचलं आणि डोकं खाजवलं. तो इथलाच होता, तिच्या मातीला आला होता. नाव बदलायला तीन महिने तरी लागतील, असं तो म्हणाला. चारवा काठीवर भार देऊन उभा होता. त्याने मान हलवली आणि परत फिरायला लागला.

सुकुरमुनी पुढे झाली. "तिचा अंगठा मी देते," ती म्हणाली.

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं. रांगेत कुणीही तोंड उघडलं नाही. त्याने वही तिच्या बाजूला फिरवली.

त्या दुपारी तिने चारवाच्या चुलीवर भात लावला. चार महिन्यांत ती चूल पेटली नव्हती. आधी राख भरून बाहेर टाकावी लागली. भात घट्ट शिजला. तिने त्याला वाढलं, स्वतःला वाढलं. चारवाने चार घास खाल्ले आणि पाचव्याला हात थांबला. पोट आक्रसलं होतं, अन्न खाली उतरेना. त्याने ताट तिच्याकडे सरकवलं.

तिने ते परत त्याच्यापुढे ठेवलं. म्हणाली, घाई नाही, थांबून थांबून खा. मग पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी सारला आणि आपल्या ताटातला भात खाऊ लागली.