गगनकर्णी महाराजांचा उजवा कान

नागपूरच्या उत्तरेला, आमच्या गावामागे एक बोडकी टेकडी आहे. दर रविवारी तिच्यावर एवढी गर्दी लोटायची की टेकडी वीतभर खचली, असं मी म्हणतो. तुम्ही निम्मं धरा. गांधीबागेतले कापडवाले, कळमन्याचे अडते, सगळे गगनकर्णी महाराजांच्या पायाशी. महाराज डोळे मिटायचे आणि न विचारता भक्ताचं गाव, दुखणं सांगायचे. "आकाश माझ्या कानात बोलते!"

त्या रविवारी आमची शेजारीण प्रयागबाई नात रितिकाला घेऊन आली होती. महाराज गरजले, "निळं लुगडं! नातीले मिरगी! डॉक्टरच्या गोळ्या चालू! फेक त्या! गोळीनं आकाशाचा रस्ता बंद होते!"

"तोंड नाही उघडलं मी, बापा, अन् याले सारं ठाऊक!" प्रयागबाईनं गोळ्यांचं पाकीट पिशवीतून काढलंसुद्धा.

"घाई काहून करतं वं? उतरताना फेकजो," मी म्हणालो आणि काळजीतच शिखराकडे सटकलो.

तिथं खडकाआड हिमानी बसली होती. प्रतापनगरात राहणारी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, सरकारी परवाना असलेली हौशी रेडिओवाली. तिथल्या एकुलत्या बाभळीवर तार टांगून, बॅटरीवरच्या छोट्या सेटवरून ती मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या कुणाशी बोलू पाहत होती. उंचावरून आवाज लांब जातो म्हणे.

"काका, हे ऐका."

सेट खरखरला. "महाराज, गुलाबी शर्ट. गांधीबाग. पोरगं लई दारू पिऊन राहिलं."

लगेच खालून गर्जना आली, "गुलाबी शर्ट! गांधीबाग!"

सेटमधला आवाज मी ओळखला. पायथ्याशी चपला सांभाळणारा विक्की! चपला काढताना तो गोड विचारायचा, "काय तरास आहे, माय?" आपल्या माणसाला एवढं पुरतं. एक चप्पल निघेपर्यंत घरातलं सगळं बाहेर! मग चढणीचा दम असा लागायचा की वर पोचल्यावर आपण काही बोललो होतो हेच आठवायचं नाही.

"मी सांगितलं तर कोण ऐकणार?" हिमानी म्हणाली. "मघाशी लोक मलाच हाकलत होते, तार आकाशाला टोचते म्हणून!"

"तुझं नाही ऐकत, पोरी, माझं तर नाहीच. महाराजाचं ऐकतीन."

मी खाली उतरलो, टपरीवर चहा घेतला आणि नव्यानं आल्यासारखा विक्कीपुढे उभा राहिलो.

"काय तरास, आजोबा?"

"काय सांगू, गड्या! तिसरी बायको दागिने घेऊन पळाली, अन् दुसरी तिले शोधाले गेली ते तिकडंच राहिली!"

धापा टाकत वर पोचलो. महाराजांनी डोळे मिटले. "पांढरी टोपी! तिसरी बायको पळाली! दागिने घेऊन!"

प्रयागबाई माझ्याकडे बोट दाखवत उठली.

"काहून गा महाराज? या नत्थूजीले पहिलीच कोणी देल्ली नाही!"

सारं गाव खदखदून हसलं. महाराजांनी उजवा कान दाबला. "आकाश... आकाश खरखरून राहिलं!"

तेवढ्यात हिमानी सेटचा आवाज पूर्ण वाढवून खाली आली. विक्की सगळ्यांना ऐकू आला: "महाराज, लोकं काहून हासून राहिले? पुढची बाई घ्या, पिवळी साडी!"

पिवळ्या साडीवाल्या बाईनंच महाराजांचा फेटा ओढला. उजव्या कानात वाटाण्याएवढं यंत्र, कमरेला वॉकीटॉकी.

"विक्की खालून बोलतो, हे वर ऐकतात," हिमानी म्हणाली. "रेडिओच्या लहरी आहेत, सिद्धी नाही. आणि ज्या लहरींवर हे बोलतात, त्यांना परवाना लागतो. दाखवा."

महाराज टेकडी अशा वेगानं उतरले की त्यांची सावली अजून वरच आहे.

प्रयागबाई मात्र हसली नाही. "पण पोरीची मिरगी?"

"तो मेंदूचा आजार आहे, आजी. गोळ्यांनी आटोक्यात राहतो. अचानक बंद केल्या तर जिवावर बेतेल."

म्हातारीनं पाकीट फोडलं. रितिकानं दुपारची गोळी घेतली, पाणी प्यायली आणि आंबट तोंड करून म्हणाली, "कडू हाय."

तुमच्या मनातलं कुणी ओळखलं, तर पाया पडण्याआधी एवढंच आठवा: हे आपण कुणाकुणाला सांगितलंय? आणि लेकराचं औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरला विचारा. आकाशाला विचारू नका. त्याचं तेवढं शिक्षण झालेलं नाही.