रबरी हाताची वाकडी करंगळी

"तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये. मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर मीही म्हटलं असतं, म्हातारा चळला. पण वस्ताद, तुमच्या खुर्चीवर हा जो माझा डावा हात ठेवलाय ना, तो आता माझा नाही."

वस्तादांनी माझ्या गळ्याभोवती फडक्याची गाठ मारली. नेहमीपेक्षा जरा घट्टच मारली. "मग कुणाचा?"

"हात माझाच. पण त्याचा ताबा गेला. पुतणीच्या प्रयोगशाळेत एक रबरी हात आहे, त्याच्याकडे."

मागे बाकावर मास्तर पेपर वाचत होते. वाचत म्हणजे काय, छपाईच्या चुका शोधत होते. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. त्यांनी पेपर खाली केला. "काका, मागच्या खेपेला तुमच्या पुतळ्याला शिंक आली होती."

"ती सर्दी होती, मास्तर. हे शास्त्र आहे."

वस्ताद हसले आणि कात्री चालू झाली, म्हणजे मला परवानगी मिळाली.

माझा धंदा कपड्यांच्या दुकानांतल्या पुतळ्यांचा. मोडलेला हात जोडायचा, उडालेला रंग भरायचा, नाक जरा तरतरीत करायचं. आणि माझी पुतणी, माझ्या थोरल्या भावाची मुलगी, मेंदूवर संशोधन करते. आपला हात आपलाच आहे हे मेंदूला कळतं कसं, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, "अगं, त्यात काय कळायचंय? खांद्याला लोंबतोय की!"

"तसं नाही ना काका. मेंदू बिचारा कवटीच्या अंधाऱ्या खोलीत कोंडलेला. बाहेर काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. डोळे एक सांगतात, कातडी एक सांगते, सांधे एक सांगतात. सगळ्यांचं जुळलं की तो म्हणतो, हा हात माझा. मग समोर रबर का असेना."

त्यासाठी तिला रबरी हात हवा होता. आधीचा होता तो भांडी घासायच्या हातमोज्यासारखा. मी माझ्याच डाव्या हाताचा साचा घेतला, आत तार घालून रबर ओतलं, शिरा रंगवल्या, नखांना चमक दिली. घरी सगळ्यांनी टेबलावर ठेवून बघितला. वहिनी तर म्हणाली, "भावोजी, याला चहा विचारू का?"

पण पुतणीचा जीव टांगणीला लागला होता. तोवर तिच्या प्रयोगाचे आकडे अर्धे इकडे, अर्धे तिकडे आलेले. तिचे सर म्हणाले होते, शुक्रवारी मी स्वतः उभा राहून बघेन. धड काही दिसलं नाही तर हा विषय बंद, खोली दुसऱ्याला.

"हात तुमचा, म्हणजे प्रयोगाला माणूसही तुम्हीच," ती मला म्हणाली. "पण एक अट आहे. त्या दुपारी एकही थाप नाही. वाटलं तेवढंच सांगायचं."

"एकही नाही?"

"एकही नाही. माझी सगळी मेहनत आहे त्यात, काका."

"आणि तुम्ही कबूल झालात?" मास्तरांनी विचारलं.

"झालो. जिभेला न विचारताच झालो."

खोली लहानशी होती, खिडकी नसलेली. टेबलावर प्लायवूडची उभी फळी. फळीच्या पलीकडे माझा डावा हात, मला न दिसेलसा. अलीकडे, अगदी डोळ्यांसमोर, रबरी हात. मधल्या जागेवर काळं कापड, माझ्या खांद्यापासून रबरी मनगटापर्यंत. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकट जेल लावून तारा जोडल्या. तारा कॉम्प्युटरला, कॉम्प्युटरवर एक हिरवी रेघ.

"घाबरलात की तळव्याला बारीक घाम येतो, आणि ही रेघ वर जाते," पुतणी म्हणाली. "तुमच्या तोंडावर माझा भरवसा नाही. मी कातडीलाही विचारणार. कातडीला थापा मारता येत नाहीत."

सर भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे. माणूस असा, की सदऱ्याबरोबर चेहऱ्यालाही इस्त्री केली असावी.

पुतणीनं दोन सारखे ब्रश घेतले. एक रबरी हातावर, एक फळीमागच्या माझ्या हातावर. दोन्हीकडे तेच बोट, तोच क्षण, तीच दिशा. मी टक लावून रबराकडे बघतोय. बराच वेळ गेला. मग तिनं टेबलाखालून हातोडी काढली आणि दाणकन रबरावर मारली. हिरवी रेघ झोपलेली ती झोपलेलीच.

सरांनी घड्याळ बघितलं. लहानपणी रडू यायच्या आधी पुतणीचे कान लाल व्हायचे. ते झाले.

"काय वाटलं तुम्हाला?" सरांनी विचारलं.

वस्ताद, खरं सांगतो, जिभेवर एक अशी बहारदार थाप आली होती, की सर टाळ्या वाजवत बाहेर गेले असते. मी ती गिळली. "काही नाही वाटलं," म्हटलं. "तीन बोटांपर्यंत गाडी बरी चालते. करंगळीपाशी घसरते."

"म्हणजे काय?"

मी रबरी हाताकडे नीट बघितलं आणि कपाळावर हात मारणार होतो, पण त्याला तारा होत्या. अहो, माझी करंगळी वाकडी! लहान असताना दारात चेमटली, तेव्हापासून बाहेरच्या बाजूला गेलीय. साच्यात ती वाकडीच आली होती. पण दुकानाच्या काचेमागे वाकडं बोट कोण खपवून घेईल? हाताला सवय, मी ती नकळत सरळ करून टाकली. आता डोळे म्हणतायत ब्रश सरळ गेला, कातडी म्हणतेय बाहेर वळला. दोन साक्षीदार, दोन जबान्या. मेंदू सही करेल कशाला?

"सर, करंगळी मी सुंदर केलीय."

"का पण?"

"सवय हो."

पुतणीनं आधी डोकं धरलं, मग हसत सुटली. मी उजवा हात तारांसकट पुढे केला आणि रबरी करंगळी धरून वाकवली. आतल्या तारेनं कुरकुर केली, सांध्यावरचा रंग उडाला. स्वतःच्या हातानं केलेली वस्तू मुद्दाम बिघडवायची माझी पहिलीच वेळ.

पुन्हा ब्रश सुरू झाले. आणि काय सांगू! एखाद्या पाहुण्यानं कडेला बसावं आणि सरकत सरकत गादीची मधली जागा पकडावी, तसा स्पर्श हळूहळू फळीमागून निघाला आणि रबरात जाऊन बसला. ब्रश तिथे दिसतोय आणि तिथेच लागतोय. मी खुळ्यासारखा हसतोय, तेवढ्यात पुतणीनं पुन्हा हातोडी उगारली.

"मेलो!" मी असा ओरडलो, की शेजारच्या खोलीतून दोघं धावत आले. हिरवी रेघ थेट छताला. सरांनी चष्मा काढला.

"आता ब्रश माझ्याकडे," ते म्हणाले.

माझी कीर्ती त्यांच्या कानावर गेलेली दिसत होती. त्यांनी एक ब्रश आधी फिरवला, दुसरा मागाहून. सूर तुटला. पाहुणा उठून गेला. समोर राहिलं ते नुसतं रबर.

"आताही तुमचाच वाटतोय ना?" सर इतकं गोड बोलले, की माझ्यासारख्याला ते आमंत्रणच. मला वाटलं, हो म्हणावं, पोरीचं आणखी भलं होईल. पुतणीला बोलायची मनाई. पण तिचे कान बोलत होते.

"नाही," मी म्हटलं. "रबर आहे. निव्वळ रबर."

वस्तादांची कात्री थांबली. "तुम्ही असं म्हणालात? तुम्ही?"

"मी. आणि सरांनी न सांगता हातोडी मारली, तर रेघ ढिम्म. ते पुतणीकडे वळले. म्हणाले, ब्रश जुळले नाहीत की असंच यायला हवं होतं. खोली तुझीच, कर सुरू. मग माझ्याकडे बघून म्हणाले, लोक तुमच्याबद्दल काहीही बोलतात."

नंतर पुतणीनं जिन्यातल्या मशीनमधून मला कॉफी आणून दिली आणि स्वतः अर्धी पिऊन टाकली. माझ्या बोटांना जेल चिकटलेलं, तिच्या ओठांवर फेस, आणि कान अगदी नेहमीच्या रंगाचे.

"हे तर खरं वाटतंय," मास्तर म्हणाले. आवाजात जरा निराशाच होती. "मग ताब्याचं काय?"

इथे थांबायला हरकत नव्हती. पण एक अख्खी दुपार मी तोंड दाबून काढली होती, तिची भरपाई नको?

"तेच सांगतोय. प्रयोग संपला, सगळे खुशीत, पण माझ्या मेंदूकडून ताबा परत घ्यायचा राहूनच गेला. आता पुतणी तिकडे रबरी हातावरची धूळ झटकते आणि मला इथे गुदगुल्या होतात. परवा कुणीतरी त्यावर कोट अडकवला, मी दिवसभर हात वर करून हिंडलो! आणि या हाताला? काही म्हणजे काही कळत नाही. काढा चिमटा!"

मास्तर उठले. जन्मभर पोरांचे कान पिळलेली बोटं ती. मी आरशात बघत राहिलो, माझ्याच पुतळ्यांसारखा चेहरा करून. हूं नाही की चूं नाही.

"कमाल आहे," मास्तर पुटपुटले आणि पेपर उघडायचंही विसरले. असं सुख रोज मिळत नाही.

"डोळे मिटा काका, साबण लावतो," वस्ताद म्हणाले.

मी मिटले. वाटीत ब्रश फिरल्याचा आवाज आला. मी गाल पुढे केला. गालावर काहीच येईना. आणि अचानक डाव्या हाताच्या पाठीवरून, थेट वाकड्या करंगळीपर्यंत...

"आई गं! गार आहे हो!" हात केव्हाच फडक्याखाली पळाला होता.

डोळे उघडले तर वस्ताद ब्रश उंच धरून उभे, आणि आरशात मास्तरांचं बोट माझ्यावर रोखलेलं.

"थाप! सपशेल थाप! हाताचा ताबा तिकडे ना काका? मग गार कुणाला लागलं?"