दोनदा दिलेला घोडा

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे. माझे दात झिजले आहेत, गुडघे थंडीत कुरकुरतात, आणि समोरच्या टेकडीवर माझी म्हणून जी कवटी ठेवली आहे ती माझी नाही. हे कसे झाले ते तुम्हाला सांगतो. सांगताना माझी मान खाली जाईल, तेवढे समजून घ्या.

माझा जन्म मंगोलियाच्या माळावर, सोदनोमच्या कळपात झाला. आमच्याकडे घोड्याचे बारसे करत नाहीत. रंगावरून हाक मारतात. मी पिवळसर तांबूस, म्हणून 'खोंगोर'. कळपात आणखीही खोंगोर होते, पण सोदनोमने कोणाला हाक मारली ते त्याच्या आवाजावरून आम्हाला बरोबर कळे. कपाळावरचा वाकडा पांढरा ठिपका, एवढीच माझी वेगळी खूण. शर्यतीत मी कधी चमकलो नाही. माझा गुण दुसराच होता. मी बुजत नसे. सोदनोमची बायको खांडमा म्हणायची, "हा घोडा नाही, पोतं आहे. शेजारी वीज पडली तरी विचारील, झालं का तुमचं?"

याच गुणाने माझे नशीब काढले आणि यानेच माझा घात केला.

आमचा देश दोन फार मोठ्या शेजाऱ्यांच्या मधे आहे. उत्तरेकडून तेल येते, दक्षिणेकडे कोळसा जातो, आणि दोघांपैकी कोणाच्या भुवया कधी चढतील याचा नेम नाही. म्हणून आमच्या शहाण्या माणसांनी एक तोड काढली. ज्यांची हद्द आम्हाला लागतच नाही अशा दूरच्या देशांशी सोयरीक जोडायची आणि त्यांना म्हणायचे 'तिसरा शेजारी'. असा मानाचा पाहुणा आला की माळावर त्याला घोडा द्यायचा. पाहुणा त्याला आपल्या भाषेतले नाव देतो, फोटो निघतात, आणि घोडा इथेच राहतो. विमानात घोडा कोण नेणार? ज्याच्या कळपातला तो घोडा, त्यानेच तो पाहुण्याची ठेव म्हणून जन्मभर सांभाळायचा.

राजधानीत पाहुण्यांची सरबराई पाहणारा बालदन हा आमच्याच माळावर वाढलेला. एकदा तो घोडा शोधत आला. त्याने माझ्या तोंडापुढे छत्री फटकन उघडली, मोटारीचा भोंगा वाजवला. मी चरत राहिलो. "काका, हाच," तो सोदनोमला म्हणाला.

पाहुणी होती माइरे. दूर समुद्रकाठच्या, आमच्याहूनही चिमुकल्या देशातली. पण त्या वेळी पश्चिमेच्या कितीतरी देशांच्या वतीने आलेली, म्हणून मागे मोटारींची ही रांग. माझ्या गळ्यात निळे रेशीम बांधले गेले. आमच्याकडे मान द्यायचा तो निळ्या रेशमाने. नाव ध्वनिक्षेपकावर सांगायचे असते. पण माइरे माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "लाइने." तिच्या भाषेत लाट. वाऱ्याने हलणारे आमचे गवत पाहून तिला आपला समुद्र आठवला होता. मग पाठ करून आणलेल्या आमच्या शब्दांत ती म्हणाली, "मी परत येईन. तुझ्यावर बसेन." सगळे अदबीने हसले. असे सगळेच पाहुणे म्हणतात.

सोदनोमने मात्र ते मनावर घेतले. त्या दिवसापासून माझ्या पाठीवर कोणी बसले नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तो छाती पुढे काढून सांगे, "हा माझा नाही. हा पाहुणीचा." दर शरदात बालदनच्या हाती माझा एक फोटो तिकडे जाई आणि तिकडून समुद्राचे एक चित्र येई. खांडमा ते आमच्या नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या तंबूत, चुलीसमोर लटकवी. त्या वर्षांत मी ताठ मानेने चाललो, हे कबूल करतो.

मग वारा फिरला. पश्चिमेकडच्या त्या देशांची आपसांतच भांडणे जुंपली. माइरेचे पद गेले, समुद्राची चित्रे यायची थांबली. दक्षिणेकडचा रस्ता मात्र दर उन्हाळ्यात रुंद होत गेला. बळी तो कान पिळी, हे आम्हा घोड्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

त्यात झुड आला. झुड म्हणजे असा हिवाळा की बर्फाचे कवच होऊन बसते आणि त्याखालचे गवत दिसते पण मिळत नाही. मेंढ्या उभ्या उभ्या मेल्या. माझ्याच रंगाचा, माझ्याच वयाचा दुसरा खोंगोर एका सकाळी उठला नाही. आम्ही दोघे वाऱ्याकडे पाठ करून एकमेकांना टेकून उभे राहत असू. विकत घेतलेल्या चाऱ्याच्या गाड्या दक्षिणेच्या हद्दीवर अडकून पडल्या होत्या. कारण विचारले की उत्तर येई, तांत्रिक अडचण. आमच्या राजधानीने कोणाला तरी जेवायला बोलावले म्हणून शेजारी रुसला, असे माळावर लोक बोलत.

अशात बालदन आला.

"काका, दक्षिणेचे मोठे पाहुणे येताहेत. त्यांना घोडा द्यायचाय. निवडलेला घोडा कॅमेरे बघून उधळला, अख्खा मांडव घेऊन गेला."

"कळपात बघ की," सोदनोम म्हणाला. "घोडे कमी आणि बरगड्या जास्त दिसतील."

बालदन माझ्याकडे बघत राहिला. "हा द्या."

"हा दिलेला आहे."

"दिलेला आहे, पण नेलेला कुठे आहे? इतक्या वर्षांत तिकडून कोणी विचारलंय?"

"विचारलं नाही म्हणून ठेव आपली होते होय रे?"

खांडमा चहा ओतत होती. ती म्हणाली, "बालदन, तुझी आई माझी मैत्रीण, म्हणून हा चहा वाटीत पडतोय. नाहीतर डोक्यावर पडला असता."

बालदनची मान खाली गेली. "मावशी, मला काय हौस आहे? गवताच्या गाड्या दारात उभ्या आहेत. पाहुणे खूश होऊन गेले तर दार उघडेल. नाहीतर ह्या मेंढ्या उन्हाळा बघत नाहीत. एकट्या तुमच्या नाही, सगळ्या माळाच्या."

बाहेर एक मेंढी खरखरीत आवाजात ओरडत होती. सोदनोम बराच वेळ ऐकत बसला. मग उठला आणि माझ्या गळ्यातले विटलेले निळे रेशीम त्याने स्वतः सोडले. बालदनला त्याने हात लावू दिला नाही. घडी घालून ते त्याने लाकडी पेटीत ठेवले. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

समारंभाच्या सकाळी बालदनने माझ्या कपाळावरच्या ठिपक्याला बुटाचे तपकिरी पॉलिश फासले. न जाणो, कोणी जुना फोटो काढून ताडून पाहिला तर! मित्रांनो, माझ्या तोंडाला पॉलिश लागले आणि मी शेपूटही हलवली नाही. इतका शहाणा घोडा कशाला व्हावे?

दक्षिणेचा पाहुणा माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने खिशातून साखरेचा खडा काढून मला दिला आणि विचारले, "वय किती याचं?"

"सात," बालदन म्हणाला.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. माझा ओठ वर केला असता तर माळावरच्या कोणत्याही पोराने ते सांगितले असते. सोदनोम आपल्या बुटांकडे बघत राहिला, आणि मीही तोंड बंद ठेवले. पाहुण्याने कागदावरून माझे नवे नाव वाचले. त्याचा अर्थ 'चिरमैत्री' असा होता. तशी पितळेची पट्टी माझ्या म्होरकीवर ठोकली गेली. थोड्याच दिवसांत हद्दीचे दार उघडले, गाड्या आल्या, मेंढ्या वाचल्या. ते गवत मीही खाल्ले. ते गोड लागले, याचीच जास्त लाज वाटते.

पुढल्या उन्हाळ्यात एक धुळीने माखलेली जीप आली. रांग नाही, झेंडे नाहीत. आतून पांढऱ्या केसांची एक बाई उतरली. पायांत घोडेस्वारीचे कोरे बूट होते. मी वासावरूनच ओळखले. सोदनोमने चालीवरून ओळखले आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"अहो, खरं काय ते सांगून टाका," खांडमा कुजबुजली.

"काय सांगू? तुझा घोडा दुसऱ्याला दिला म्हणून? माझं एक असो, देशाची अब्रू जाईल."

माइरे मधल्या वर्षांत आमची भाषा शिकली होती. अडखळत, पण हसून ती म्हणाली, "सोदनोम, आता मी कोणी मोठी नाही. नुसती आले आहे. माझा लाइने कुठे आहे?"

सोदनोम जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, तो झुडात गेला."

खांडमाने चहाची वाटी इतक्या जोरात ठेवली की अर्धा चहा सांडला. माइरेने टेकडीकडे पाहिले. मग म्हणाली, "चांगल्या घोड्याची कवटी तुम्ही टेकडीवर ठेवता ना? मला दाखवा."

एक खोटे झाकायला दुसरे लागतेच. सोदनोम तिला टेकडीवर, ओवोकडे घेऊन गेला. ओवो म्हणजे आमचा दगडांचा पवित्र ढीग. तिथे त्या दुसऱ्या खोंगोरची कवटी होती, माझ्या सोबत्याची. माइरेने पिशवीतून कोरे निळे रेशीम काढले. ते तिने माझ्यासाठी आणले होते. तिने ते त्या कवटीला बांधले, वाऱ्याकडे तोंड केले आणि एकदाच मोठ्याने हाक मारली, "लाइने!"

मित्रांनो, मी खाली दावणीला उभा होतो. सोदनोमची लाज राखायची तर गप्प राहायला हवे होते. जन्मभर मी गप्पच तर राहिलो होतो. पण त्या नावाने मला कितीतरी वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. मी खिंकाळलो. कसा खिंकाळलो ते माझे मलाच कळले नाही.

माइरे वळली. सोदनोम वळला नाही.

ती उतरून माझ्यापाशी आली. पितळेची पट्टी तिने वाचली. पॉलिश केव्हाच उडून गेले होते. त्या वाकड्या ठिपक्यावर तिने बोट ठेवले. मागून सोदनोम आला. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला. आमच्याकडे माणूस सहसा असा टोपी काढून उभा राहत नाही.

"बाई... गवत..." एवढेच तो बोलू शकला.

"राहू द्या," माइरे म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी ती थोडी हसली. "आमच्याकडे घोडे देत नाहीत. पाहुण्यांच्या हातून झाड लावून घेतात. बागेत जागा थोडी, पाहुणे फार. एका ओकच्या झाडावरची पाहुण्याच्या नावाची पाटी मीच दोनदा बदलली आहे. झाड खिंकाळत नाही, एवढंच आमचं नशीब."

सोदनोम घाईघाईने माझ्या पाठीवर खोगीर टाकू लागला. "बसा त्याच्यावर. इथे कोण बघतंय? तुम्ही बसायलाच आलात ना?"

तिने आपल्या कोऱ्या बुटांकडे बघितले. "नको. दुसऱ्याच्या घोड्यावर त्याला विचारल्याशिवाय बसू नये, ही तुमच्याच माळाची रीत. माझा घोडा झुडात गेला, मी त्याला निरोप दिला. घरी जाऊन मी तेच सांगेन. तुमचं दार उघडं राहू दे."

जीप निघाली तेव्हा खांडमाने रीतीप्रमाणे तिच्या मागे पळीने दूध शिंपडले. अर्धे दूध तिच्या स्वतःच्या पायांवर पडले. सोदनोम तंबूत गेला आणि पेटीतले जुने रेशीम घेऊन बाहेर आला. ते त्याने माझ्या गळ्याशी धरले. पितळेच्या पट्टीकडे पाहिले. बांधायचा धीर त्याला झाला नाही. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे," तो मला म्हणाला. त्यानंतर त्याने मला कोणाला छाती काढून दाखवले नाही.

मित्रांनो, लहान घरच्या माणसाला मोठ्या शेजाऱ्यांपुढे कधी कधी वाकावे लागते. त्याला हसू नका. मेंढ्यांचे ओरडणे त्याने ऐकलेले असते. पण जे मनापासून दिले ते जपा. आणि ते मोडायची वेळ आलीच, तर ज्याला दिले त्याच्या तोंडावर खरे सांगा. दुसऱ्याची कवटी दाखवू नका. तो समजूतदार निघाला तर त्या लाजेतून सुटका नाही.

आता माझे दिवस भरत आले आहेत. सोदनोम मलाही त्या टेकडीवर नेईल. माझी एकच विनंती आहे. ते निळे रेशीम त्या दुसऱ्या खोंगोरच्या कवटीवरून सोडू नका. माझ्या वाटचा निरोप त्याने घेतला आहे, ते त्याचेच. माझी कवटी त्याच्या शेजारी तशीच उघडी ठेवा.