मुलाला पाय असतात

आमच्या घरात शुभवर्तमानातल्या दाखल्यांचा, म्हणजे येशूने सांगितलेल्या गोष्टींचा, अर्थ लावायचा मान सासऱ्यांचा. बाकीची सगळी कामं आमची. खाली शिलाई मशिनींच्या दुरुस्तीचं दुकान होतं, ते माझा नवरा बघायचा. दुकानाच्या तोंडाशी बसून लोकांचे कपडे उसवून सैल-आखूड करून द्यायचं काम माझं. आणि वरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचं काम बाबांचं. तेही कामच होतं. ते धाकट्या मुलाची वाट बघत होते.

चर्चमध्ये बाबांना सगळे 'दाखलेमास्तर' म्हणत. हयातभर मशिनी दुरुस्त केल्या, पण नाव पडलं ते रविवारच्या वर्गामुळे. उपासना संपली की मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा आणि त्या वर्गाची एक रीत होती. बाबा आधी दाखला तोंडपाठ सांगायचे, एक शब्द इकडचा तिकडे न होता. मग एकेकाकडे बोट करून विचारायचे, "ह्यात तू कोण?" उत्तर द्यावंच लागायचं. गोष्टीतल्या कुणाच्या तरी जागी उभं राहिल्याशिवाय सुटका नसे. पाळकसाहेबांनाही एकदा त्यांनी जखमी माणसाला टाळून पलीकडून निघून गेलेला याजक करून टाकलं होतं. पाळकसाहेब बिचारे पुढचा आठवडाभर भेटेल त्याच्या तब्येतीची चौकशी करत फिरले.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूरदेशी जातो, सगळं उधळून डुकरं राखतो, मग 'उठून बापाकडे जातो' म्हणत परततो; बाप त्याला दुरून बघून धावत जातो आणि थोरला शेतातून येऊन रुसतो. ह्यात माझ्या नवऱ्याला कायम थोरला भाऊ. जन्मानेच मिळालेली भूमिका, बदलून मिळायची सोय नाही. धाकटे भाऊजी लहानपणी म्हणे मोठ्यांच्या त्या वर्गात घुसून हट्टाने डुक्कर व्हायचे. "त्यांना निदान वेळेवर खायला मिळतं," असं म्हणून सगळ्या वर्गाला हसवायचे. बाबाही हसायचे म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हसणं संपत आलं होतं.

सासूबाई गेल्या आणि भाऊजींचं पिणं वाढलं. एक दिवस बापलेकांत कडाक्याचं वाजलं आणि भाऊजी निघून गेले. वाटणी काही मागितली नाही. आमच्याकडे वाटायला होतं काय, चार मशिनी आणि तेलाच्या बुधल्या! दुसऱ्या शहरात ते कुठे राहतात, काय करतात, ह्याच्या बातम्या अधूनमधून यायच्या आणि त्यातली एकही ऐकवत नसे.

मी बाबांच्या मागे लागायचे की जाऊन घेऊन येऊ या. घरात ऐकेनात, म्हणून मी वर्गात विचारलं. "बाबा, उधळ्या पुत्राच्या आधी, त्याच पानावर, हरवलेलं मेंढरू आहे. मेंढपाळ बाकीची मेंढरं रानात सोडून त्याच्यामागे जातो. पुढे ती बाई आहे, नाणं सापडेपर्यंत घर झाडणारी. मग आपणच तेवढं बसून का राहायचं?"

बाबांचं उत्तर तयार होतं. खरं सांगायचं तर सुरेख होतं. पाळकसाहेबांनी ते पुढे आपल्या संदेशात वापरलंसुद्धा. "मेंढराला अक्कल नसते, म्हणून त्याला शोधायला जावं लागतं. नाण्याला पाय नसतात, म्हणून दिवा लावून घर झाडावं लागतं. मुलाला अक्कलही असते आणि पायही असतात. त्याला ओढून आणलं तर तो मेंढरू होऊन येईल, मुलगा होऊन येणार नाही. बापाने दोनच गोष्टी करायच्या. नजर वाटेवर ठेवायची. आणि तो दूर असतानाच, दारापर्यंत पोचायच्या आतच, उठून धावत जायचं. अर्धी वाट मुलाची, उरलेली बापाची."

सगळा वर्ग माना डोलावत राहिला. त्या बोलण्यात नेमकं कुठे बोट ठेवावं ते मला कळेना, म्हणून मी चिडले. चिडायला मला फारसं काही लागत नाही.

तर असे बाबा खिडकीत बसायचे. आमचा रस्ता सरळ कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जातो आणि बस तिथेच थांबते. बाबांचं तोंड कायम त्या कोपऱ्याकडे. पवित्र शास्त्र मांडीवर उघडं असायचं, पण पान उलटताना त्यांना कुणी बघितलं नाही. सगळं पाठ असलेल्या माणसाला पान उलटायची गरज काय, असं आम्हांला वाटायचं. दुकानात उतरणं त्यांनी बंद केलं होतं. गुडघे दुखतात म्हणायचे.

एक दिवस दुकानात फोन आला. भाऊजी इस्पितळात होते, घरच्या कुणीतरी यावं असा निरोप होता. नवरा म्हणाला, "मी गेलो तर भांडण होईल. तू जा." हे त्याचं नेहमीचंच. भांडण होईल म्हणून तो आयुष्यात कुठेच गेलेला नाही. मी बस धरून गेले.

मोठ्या वॉर्डात अगदी शेवटची खाट होती. भाऊजींना मी ओळखलं ते आवाजावरून. "वहिनी! दादा नाही आला?"

"दुकान होतं ना."

"बरोबर आहे. थोरला भाऊ शेतातच असतो," असं म्हणून ते हसले आणि हसता हसता खोकले. चादरीखाली एका बाजूला पाय होता, दुसऱ्या बाजूला चादर सपाट होती. साखर, दारू आणि चिघळलेली जखम, असं नर्सने मला आधीच सांगितलं होतं. दुसरा पायही काळा पडायला लागला होता. मी लागलीच बोलायला सुरुवात केली. बोलत राहिलं की मला रडू येत नाही.

"चला घरी. मी गाडी करते. बाबा रोज खिडकीत बसून तुमची वाट बघतात."

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "मी बघितलंय त्यांना."

मला वाटलं, तापात बरळतायत. पण ते शुद्धीवर होते.

"मागच्या वर्षी आलो होतो. तेव्हा दोन्ही पाय होते. दारूला शिवलो नव्हतो, अंघोळ केली होती, एकाकडून धुतलेले पांढरे कपडे मागून घेतले होते. बसमधून उतरलो आणि औषधाच्या दुकानापाशी उभा राहिलो. बाबा खिडकीत होते. सरळ माझ्याकडे बघत होते, वहिनी."

"मग?"

"मग काय? माझी अर्धी वाट झाली होती. आता ते उठणार, जिना उतरणार. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो म्हणून मी चांगला वेळ दिला. दुकानदार दोनदा विचारून गेला, काय पाहिजे म्हणून. बाबा हललेसुद्धा नाहीत. नुसते बघत राहिले. मग अंधारून आलं, आणि तुम्ही येऊन त्यांना आत घेऊन गेलात."

"अहो, मग हाक मारायची! वर यायचं!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

"दाखल्यात मुलगा हाक मारत नाही," भाऊजी म्हणाले. "बापाला दिसतो, आणि बाप उठतो. हे बाबांनीच शिकवलंय. बघूनही जो उठत नाही, त्याच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे जबरदस्ती झाली. नाही केलं त्यांनी माफ. त्यांचा हक्क आहे तो."

मग त्यांनी माझा हात धरला. हे बाबांना सांगायचं नाही, असा शब्द माझ्याकडून घेतला. त्यांना एवढीच काळजी होती की हे कळलं तर बाबांना ह्यापुढे वर्गात तो दाखला कुठल्या तोंडाने सांगता येईल! "त्यांच्याकडे दुसरं आहे काय?" ते म्हणाले. "पण आता बाबा आपणहून उठून आले, तर मी येईन. एका पायावर येईन."

परतीच्या बसमध्ये माझं रक्त उकळत होतं. घरी पोचल्या पोचल्या चपलासुद्धा न काढता मी वर गेले.

"बाबा, त्यांचा एक पाय कापलाय. दुसराही राहायचा नाही. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे आता ते मुलगा राहिले नाहीत, नाणं झालेत. दिवा लावा आणि चला शोधायला."

बाबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, जिंकले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तो काही म्हणाला का? बापाकडे जातो, असं काही?"

मी शब्दाला बांधलेली. "ते म्हणाले, आधी बाबांनी उठावं."

"म्हणजे तो अजून दूरदेशीच आहे." बाबांनी डोळे मिटले. "पाय नसले तरी मन उठतं, पोरी. त्याचं मन एकदा उठू दे. एक शब्द येऊ दे. मी रांगत जाईन."

तेव्हा जीभ चावून मी कशी गप्प बसले ते माझं मला ठाऊक. आला होता तो, आणि तुम्ही बघत बसलात! हे तोंडाशी आलेलं गिळून मी खाली आले. त्या दिवसापासून बाबांशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायचे, उचलायचे, बास. इतका सुंदर अर्थ लावणारा माणूस आतून इतका दगड कसा असतो, ह्याचाच विचार मी शिवताना करत असायचे. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही तरी बोला." तो म्हणाला, "भांडण होईल."

भाऊजी गेले. दुसरा पाय कापायची वेळच आली नाही.

त्यांना घरी आणलं. मशिनी भिंतीला सारून दुकानातच पेटी ठेवली, कारण वरचा जिना अरुंद. चर्चच्या मंडळीतली माणसं दाराबाहेर रस्त्यावर उभी होती. नवऱ्याने बाबांना धरून खाली आणलं. शेवटच्या पायरीवर बाबांनी त्याचा हात सोडला, एकटे पेटीपर्यंत गेले आणि डोक्यावरून हात फिरवायला वाकले.

ते पायाच्या बाजूला उभे होते. त्यांचा हात चादरीवरून फिरला, जिथे पाय नव्हता तिथे खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा चाचपडला. "ह्याचं डोकं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

लोकांना वाटलं, दुःखाने भान सुटलं. मी मात्र त्यांच्या अगदी जवळ होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. दोन्ही बाहुल्यांवर दुधाच्या सायीसारखा पडदा आला होता. मी त्यांचा हात धरून भाऊजींच्या कपाळावर नेऊन ठेवला. ते बघतच नव्हते. त्या संध्याकाळी ते सरळ मुलाकडे तोंड करून बसले होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं.

दफनविधीला पाळकसाहेबांनी दुसराच उतारा वाचला. उधळ्या पुत्राचं नाव काढायची हिंमत कुणाला झाली नाही. सगळे पांगल्यावर मी वर गेले. बाबा त्यांच्या खुर्चीत होते. मी जमिनीवर बसले आणि विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"दोन-तीन वर्षं झाली. आधी अक्षरं गेली, मग माणसं."

"सांगितलं का नाही? साधं ऑपरेशन असतं, बाबा!"

"सांगितलं असतं तर वर्ग दुसऱ्याला दिला असता. आणि डॉक्टरांनी पट्टी बांधून आत निजवलं असतं. नेमका त्याच दिवशी तो आला असता तर?" मग म्हणाले, "एक विचारतो. खरं सांग. तो उठला होता का गं? एकदा तरी? निघाला होता का?"

ते काय विचारतायत ते मला कळत होतं. त्यांच्या वाचनात जो उठून निघाला तो बापाचा, मग तो वाटेत मेला तरी. जो उठलाच नाही तो दूरदेशीच संपला, कायमचा. आता त्यांना मुलगा पुन्हा कधी भेटणार की नाही, ते माझ्या एका शब्दावर होतं. शब्द मी भाऊजींनाही दिला होता. पण भाऊजींना बाबांचे डोळे कुठे माहीत होते?

"निघाले होते, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात वर केले. "प्रभू, प्रभू," म्हणत लहान मुलासारखे रडायला लागले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. मीही रडले. तेवढ्यावरच थांबावं म्हणून मी चहाचं निमित्त काढून उठले.

"कुठपर्यंत आला होता?" बाबांनी विचारलं.

"बरेच आले होते."

"बरेच म्हणजे?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. कुठल्यातरी लांबच्या गावाचं नाव घ्यायचं. एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, पण त्या वेळी एक नाव सुचेल तर शपथ. मी गप्प राहिले, आणि जरा जास्तच वेळ गप्प राहिले.

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"मागे एकदा," ते म्हणाले, "तिथे औषधवाल्याजवळ पांढुरकं काहीतरी उभं होतं. संध्याकाळची वेळ. बराच वेळ होतं. मला वाटलं, त्याने नवीन पाटी लावली."

"पाटीच असेल, बाबा."

"मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती."